गो भाषेचे नवे जेसॉन पॅकेज: मोंढ्याच्या पट्ट्यांवर पारखलेले पर्याय

गो या प्रोग्रामिंग भाषेची १.२५ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली आणि तिच्यासोबत जेसॉन (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांत माहिती पाठवण्याची मजकूर-पद्धत) वाचण्या-लिहिण्याचे एक नवे पॅकेज, म्हणजे तयार कोडचा संच, प्रायोगिक स्वरूपात खुले झाले. छत्रपती संभाजीनगरात आमचा एक लहान चमू आहे. लातूर, जालना आणि परभणीच्या मोंढ्यांतील आडत दुकानांसाठी हिशेबाची प्रणाली आम्ही चालवतो आणि तिचा सर्व्हर गो भाषेत लिहिलेला आहे. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने जुने पॅकेज काढून त्या जागी हे नवे पॅकेज बसवणारा बदल तपासणीसाठी माझ्याकडे पाठवला. बदललेल्या ओळी मोजक्याच होत्या. परंतु जवळजवळ प्रत्येक ओळीत पार्सरचा (जेसॉन वाचून उलगडणाऱ्या कोडचा) एखादा पर्याय चालू किंवा बंद केलेला होता, आणि अशा ओळी दिसायला जितक्या किरकोळ तितक्याच परिणामाने जड असतात. त्या तपासणीच्या निमित्ताने पॅकेजचे दस्तऐवज आणि आमच्याकडे साठलेल्या जुन्या हिशेबपट्ट्या शेजारी ठेवून जे पाहिले, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

आमच्या सर्व्हरकडे येणारा माल कसला आहे, हे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण पार्सरचा कोणता पर्याय योग्य हे त्यावरच ठरते. मोंढ्यात गाडी काट्यावर चढली की काट्याला जोडलेला संगणक भरलेले वजन, रिकामे वजन, कट्ट्यांची संख्या, शेतकऱ्याचे नाव, गाव आणि वाण अशी नोंद तयार करतो. सौदा झाल्यावर त्यात दर, हमाली, तोलाई आणि घेतलेली उचल यांची भर पडते, आणि ही सगळी नोंद जेसॉनच्या रूपात आमच्याकडे येते. तिच्यावरून शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी छापली जाते. काट्यावरची सॉफ्टवेअरे वेगवेगळ्या पुरवठादारांची आहेत, त्यांतील काही बरीच जुनी आहेत आणि त्यांच्या आतल्या कोडवर आमचा कसलाही ताबा नाही. म्हणजे जे येईल ते वाचायचे, आणि चुकीचे आले तर दारातच थांबवायचे, एवढेच आमच्या हातात असते.

जुने पॅकेज २०१२ साली आलेल्या गोच्या पहिल्या स्थिर आवृत्तीपासून भाषेसोबत आहे आणि त्याने जगभर प्रचंड काम केले आहे, याबद्दल वाद नाही. मात्र पर्यायांच्या बाबतीत ते हात आखडूनच राहिले. मोठे आकडे जसेच्या तसे ठेवणारा ‘यूज-नंबर’ हा पर्याय १.१ या आवृत्तीत आला आणि अनोळखी नावे नाकारणारा ‘डिसअलाउ-अननोन-फील्ड्स’ हा पर्याय २०१८ सालच्या १.१० या आवृत्तीत आला. परंतु हे दोन्ही ‘डिकोडर’ या, प्रवाहातून जेसॉन वाचणाऱ्या, प्रकारावरच (टाइपवरच) लावता येतात. जेसॉन वाचून गोच्या प्रकारांत भरणारे, सर्वांत जास्त वापरले जाणारे ‘अनमार्शल’ हे फंक्शन कोणताही पर्याय घेतच नाही. त्याहून अडचणीची बाब अशी की एखाद्या प्रकाराने स्वतःची वाचनाची पद्धत लिहिलेली असेल, तर बाहेर लावलेला पर्याय तिच्यापर्यंत पोहोचत नाही. आमच्याकडे तारखेसाठी आणि वजनासाठी असे स्वतंत्र प्रकार आहेत. त्यांच्या आत पुन्हा ‘अनमार्शल’ बोलावले जाते आणि वरच्या दाराशी बसवलेला पहारा आतल्या खोलीत संपतो. बाहेर शिस्त आणि आत मोकळीक, असा हा कारभार वर्षानुवर्षे चालू होता.

नव्या पॅकेजने हा पायाच बदलला आहे. वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या प्रत्येक फंक्शनला शेवटी हवे तितके पर्याय देता येतात, आणि एखाद्या प्रकाराची स्वतःची वाचनपद्धत नव्या ठरलेल्या नाव-रूपाने (सिग्नेचरने) लिहिली, तर तिच्या हाती डिकोडरच येतो व त्याच्यासोबत बाहेरून दिलेले पर्यायही आत उतरतात. रचनेची दुसरी चांगली बाब म्हणजे कामाची विभागणी. जेसॉनचे व्याकरण, म्हणजे कंस, स्वल्पविराम, अवतरणे आणि अक्षरांची सांकेतिक घडण, हे ‘जेसॉन-टेक्स्ट’ या पॅकेजकडे आहे. त्या व्याकरणाचे गोच्या प्रकारांत रूपांतर करणे हे मुख्य पॅकेजकडे आहे. पर्यायांचीही तशीच वाटणी झालेली आहे. दुबार नावे आणि बिघडलेली अक्षरे हे व्याकरणाकडचे पर्याय, तर अनोळखी नावे आणि लहान-मोठ्या अक्षरांची जुळणी हे रूपांतराकडचे. नवख्या माणसाला कोणता पर्याय कुठे शोधायचा, हे सुरुवातीला गोंधळाचे वाटते; पण एकदा ही वाटणी डोक्यात बसली की शोधाशोध राहत नाही.

माझ्या मते पॅकेजचे मोल मात्र पर्यायांच्या संख्येपेक्षा, पर्याय न दिल्यास काय होते यात आहे. बहुतेक लोक काहीही न देता फंक्शन बोलावतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यामुळे मूळ वर्तन जे असेल, तेच प्रत्यक्षातले वर्तन ठरते.

दुबार नावांचे उदाहरण घ्या. एका काट्यावरून येणाऱ्या नोंदीत शेतकऱ्याने दोनदा उचल घेतली असेल, तर ‘उचल’ हे नाव एकाच वस्तूत (नाव-किंमत जोड्यांच्या एका गटात) दोनदा येते: एकदा ५,००० आणि एकदा २,०००. ती यादी म्हणून पाठवायला हवी होती. पण पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते भान नाही. जुने पॅकेज येथे काहीही तक्रार न करता शेवटची किंमत ठेवते. पट्टीवर उचल २,००० दिसते, आडत्याचे ५,००० हवेत विरतात, आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही तेव्हा सगळे जण मुनिमाकडे बघू लागतात. नवे पॅकेज पर्याय न देताही अशी नोंद नाकारते आणि कोणते नाव दुबार आले, तेही सांगते. हे करायला आधार आहे. जेसॉनचे डिसेंबर २०१७मधले आरएफसी ८२५९ हे मानक नावे एकमेव ‘असावीत’ एवढेच म्हणते आणि दुबार नावे आल्यास वाचणाऱ्यांचे वर्तन सांगता येत नाही, असा इशारा देते. त्याआधीचे २०१५चे आरएफसी ७४९३ मात्र दुबार नावांना सरळ मनाई करते. नवे पॅकेज दुसऱ्या बाजूने उभे राहिले आहे.

ही केवळ काटेकोरपणाची हौस नाही, हे २०१७ साली अपाची काउच-डीबी या डेटाबेसमध्ये सापडलेल्या त्रुटीने दाखवून दिले होते. सीव्हीई-२०१७-१२६३५ या क्रमांकाने ती नोंदलेली आहे. तेथे तपासणी करणारा भाग जावास्क्रिप्टमध्ये होता आणि प्रत्यक्ष अधिकार ठरवणारा भाग एरलांग या दुसऱ्या भाषेत. वापरकर्त्याच्या नोंदीत ‘रोल्स’ हे नाव दोनदा लिहिले की जावास्क्रिप्टला दुसरी, रिकामी यादी दिसे आणि एरलांगला पहिली, प्रशासकाचा अधिकार देणारी यादी दिसे. परिणामी कोणीही साधा वापरकर्ता प्रशासक होऊन बसू शकत होता. दोन वाचकांनी एकाच कागदाचे दोन अर्थ लावले, आणि दोघांनीही स्वतःपुरते नियमबाह्य असे काही केले नाही. आमच्याकडेही मोबाइल ॲप एका भाषेत आणि सर्व्हर दुसऱ्या भाषेत आहे. त्यामुळे सहकाऱ्याने या ठिकाणी मूळ वर्तन तसेच राहू दिले, ते मला पूर्णपणे मान्य झाले.

अक्षरांच्या बाबतीत नव्या पॅकेजचा कडकपणा मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना विशेष उपयोगाचा आहे, आणि येथे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना आटोपशीर दिसत असले, तरी त्यात ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व आणि र अशी दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट. आता एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने इंग्रजी नावांच्या हिशेबाने नावासाठी वीस बाइटांचीच जागा ठेवली असेल, तर सहा चिन्हांचे अठरा बाइट पूर्ण बसतात आणि ‘श’चे पहिले दोन बाइट तुटलेल्या अवस्थेत शेवटी लटकतात. जुने पॅकेज असे तुटके बाइट पाहून थांबत नाही. त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह असलेली काळी चौकट भरते आणि पुढे जाते. पट्टीवर ‘ज्ञाने’ आणि त्यापुढे दोन चौकटी छापल्या जातात. पट्टी हातात घेणाऱ्या माणसाला ते स्वतःचे नाव वाटत नाही, आणि बँकेत दाखवायला गेल्यास तेथील कारकुनालाही वाटत नाही.

नवे पॅकेज असा मजकूर मुळातच स्वीकारत नाही. ‘अलाउ-इनव्हॅलिड-यूटीएफ-८’ हा पर्याय हेतुपुरस्सर दिला तरच जुन्यासारखे वर्तन मिळते. आमच्या सहकाऱ्याने एका पुरवठादाराच्या नोंदींसाठी हा पर्याय चालू केला होता, कारण तसे न केल्यास त्या काट्यावरच्या बऱ्याच पट्ट्या अडत होत्या. मी तो काढायला सांगितला. नाव बिघडवून पट्टी पुढे ढकलण्यापेक्षा ती बाजूला ठेवून आडत्याच्या पडद्यावर नाव पुन्हा भरायला लावणे बरे, कारण बिघडलेले नाव एकदा साठ्यात गेले की मूळ बाइट परत मिळत नाहीत. अर्थात पार्सर सगळेच पकडतो, असे कोणी समजू नये. तीच जागा चोवीस बाइटांची असती, तर नाव ‘ज्ञानेश्’ या ठिकाणी नेमके चिन्हाच्या सीमेवर तुटले असते, आणि व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काहीच दोष नसल्यामुळे ते कोणत्याही पर्यायाला न अडखळता आत आले असते. तसेच ‘ॲडव्हान्स’ या नावातील पहिले अक्षर एकाच चिन्हाने लिहिता येते किंवा ‘अ’वर चंद्र देऊन दोन चिन्हांनीही लिहिता येते, पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु पार्सरच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत आणि दुबार नावांचा नियम त्यांना लागू होत नाही. नोंदीतली नावे मराठीत ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता ज्या मुद्द्यावर मी हा बदल परत पाठवला, तो मुद्दा. जुने पॅकेज नावांची जुळणी करताना रोमन लिपीतील कॅपिटल आणि लहान अक्षरे सारखीच धरते. काट्यावरचे एक सॉफ्टवेअर निव्वळ वजनाचे नाव ‘नेट’ असे सगळे लहान अक्षरांत पाठवते, तर दुसरे त्याचे पहिले अक्षर कॅपिटल करते. जुन्या पॅकेजमुळे हा फरक आमच्या कोणाच्या लक्षातही आलेला नव्हता. नवे पॅकेज मात्र अक्षरशः तेच नाव असल्याशिवाय जुळणी करत नाही. हेही ठीक म्हणता येईल. परंतु त्याच वेळी अनोळखी नाव आले, तर नवे पॅकेजही जुन्यासारखेच ते गुपचूप सोडून देते. या दोन वर्तनांची सांगड घालून पाहा: कॅपिटल अक्षराने सुरू होणारे ‘नेट’ ओळखीचे राहिले नाही, म्हणून ते अनोळखी ठरले, अनोळखी ठरले म्हणून सोडून दिले गेले, आणि निव्वळ वजनाच्या जागी गोचे मूळ मूल्य, म्हणजे शून्य, तसेच राहिले. त्रुटी नाही, इशारा नाही. काल ज्या नोंदीतून अठरा क्विंटल सोयाबीनची पट्टी निघाली असती, त्याच नोंदीतून आज शून्य क्विंटलाची निघेल.

कडक केलेले पॅकेज या एका कोपऱ्यात जुन्यापेक्षा जास्त बेसावध झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पर्याय एकत्र कडक असते किंवा दोन्ही एकत्र सैल असते, तर हा प्रसंग आला नसता. पॅकेज लिहिणाऱ्यांची बाजूही समजण्यासारखी आहे: समोरच्या सेवेने उद्या एखादे नवे नाव वाढवले म्हणून आपला कार्यक्रम कोसळू नये, यासाठी अनोळखी नावे सोडून देण्याची रीत पडलेली आहे, आणि ती मोडली असती तर स्थलांतर करणाऱ्यांपैकी निम्मे लोक पहिल्याच दिवशी परतले असते. परंतु दस्तऐवजात हे दोन पर्याय वेगवेगळ्या ठिकाणी समजावलेले आहेत आणि त्यांच्या संयोगातून काय घडते, ते वाचणाऱ्यालाच जोडून घ्यावे लागते.

यावर उपाय तीन प्रकारचे आहेत आणि तिन्हींचे गुणदोष वेगळे आहेत. ‘मॅच-केस-इन्सेन्सिटिव्ह-नेम्स’ हा पर्याय संपूर्ण वाचनासाठी चालू करता येतो. मग जुळणी पूर्वीसारखी सैल होते, आणि एकाच वस्तूत लहान व कॅपिटल अशी दोन्ही रूपे आली, तर ती दुबार धरून नाकारली जातात, हे त्यातले चांगले. दुसरा मार्ग म्हणजे फक्त त्या एका क्षेत्राच्या (रकान्याच्या) टॅगमध्ये, म्हणजे व्याख्येत त्याला जोडलेल्या टिपेत, सैल जुळणीची सूचना लिहिणे. त्यामुळे सवलत कुठे दिली, ते प्रकाराच्या व्याख्येतच दिसते. तिसरा मार्ग म्हणजे ‘रिजेक्ट-अननोन-मेंबर्स’ हा पर्याय चालू करून अनोळखी नाव दिसताच नोंद नाकारणे. सहकाऱ्याने सुचवलेला दुरुस्तीचा मार्ग हा तिसरा होता आणि तो वरवर सर्वांत सुरक्षित वाटतो. पण मोंढ्याच्या नोंदींसाठी मला तो पटला नाही. सोयाबीनच्या हंगामात एखादा पुरवठादार नोंदीत ‘ओलावा’ हे नाव वाढवतो आणि ते आम्हाला कळवत नाही, हे दरवर्षीचे आहे. दसरा ते दिवाळी या काळात लातूरच्या मोंढ्यात गाड्यांची रांग लागलेली असताना केवळ ओलाव्याचा आकडा जास्तीचा आला म्हणून प्रत्येक पट्टी अडवणे कोणालाही परवडणारे नाही. अशा वेळी येणारा फोन ठरलेला असतो: “साहेब, पट्टी कामून अडली हो? माणूस गाडी लावून बसलाय.”

म्हणून आमच्याकडे शेवटी असे ठरले की बाहेरून येणाऱ्या नोंदींसाठी क्षेत्राच्या टॅगमधली सवलत वापरायची, आणि नवी नावे नाकारण्याऐवजी एका वेगळ्या क्षेत्रात गोळा करायची. १.२५मधले नवे पॅकेज त्यासाठी ‘अननोन’ नावाची टॅग-सूचना देते; ओळख न पटलेली सगळी नावे त्यांच्या किमतींसह त्या क्षेत्रात जमा होतात आणि आम्ही ती रात्री तपासू शकतो. आमच्या स्वतःच्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फायलींसाठी मात्र ‘रिजेक्ट-अननोन-मेंबर्स’ चालू ठेवले आहे. तिथे नाव चुकले, तर चूक आमचीच असते आणि सर्व्हर सुरूच न होणे हे योग्य.

पर्यायांच्या क्रमाबद्दलही सावध राहायला हवे. जुन्यातून नव्यात हळूहळू येणाऱ्यांसाठी ‘डिफॉल्ट-ऑप्शन्स-व्ही-वन’ नावाचा एक गठ्ठा दिलेला आहे. तो दिला की नवे फंक्शन जुन्यासारखे वागते, आणि त्यापुढे एकेक कडक पर्याय जोडत पुढे सरकता येते. स्थलांतराची ही सोय अतिशय विचारपूर्वक केलेली आहे आणि तिच्यासाठी पॅकेजकारांना पूर्ण गुण द्यायला हवेत. मात्र नियम असा आहे की नंतर दिलेला पर्याय आधी दिलेल्यावर मात करतो. दुबार नावे नाकारणारा पर्याय आधी लिहिला आणि हा गठ्ठा शेवटी ठेवला, तर गठ्ठ्यातील सवलत जिंकते आणि दुबार नावे पुन्हा आत येऊ लागतात. कोड वाचणाऱ्याला दोन्ही नावे ओळीत दिसतात, कंपाइलर तक्रार करत नाही, आणि क्रमाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. सहकाऱ्याच्या बदलात एका फाइलमध्ये नेमका हाच उलटा क्रम होता. मी सुचवले की पर्याय प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहू नयेत. ‘जॉइन-ऑप्शन्स’ने ते एकदाच एकत्र करून ‘काट्याचे पर्याय’ आणि ‘आमच्या फायलींचे पर्याय’ अशा दोन चलांत ठेवावेत आणि सगळीकडे तीच चले वापरावीत. क्रम चुकायचाच असेल तर एकाच जागी चुकेल आणि एकाच जागी दुरुस्त होईल.

नावे ठेवण्याच्या पद्धतीवर माझी थोडी नाराजी आहे. काही पर्याय ‘अलाउ’ने सुरू होतात आणि काही ‘रिजेक्ट’ने, आणि प्रत्येकाला खरे किंवा खोटे असे मूल्य द्यावे लागते. मूळ वर्तनाच्या विरुद्ध बाजूचे नाव द्यायचे, हे त्यामागचे सूत्र आहे व ते सुसंगतही आहे. तरीही ‘दुबार नावांना परवानगी: खोटे’ आणि ‘अनोळखी नावांना नकार: खरे’ अशा दोन ओळी एकाखाली एक वाचताना दर वेळी मनात उलटसुलट करावी लागते. दोन्हींचा अर्थ कडकपणाच आहे, पण डोळ्यांना एक खोटे आणि एक खरे दिसते.

आकड्यांच्या बाबतीत पॅकेजने थोडी निराशा केली. भारतातील बँक खात्यांचे क्रमांक अठरा अंकांपर्यंत जातात. प्रकार आधी ठरलेला नसेल आणि नोंद सर्वसाधारण ‘एनी’ या प्रकारात वाचली, तर जुने व नवे ही दोन्ही पॅकेजे आकडा दशांश-अपूर्णांकाच्या चौसष्ट बिटांच्या रूपात ठेवतात, आणि त्यात ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ याच्या पलीकडचे सगळे पूर्णांक बिनचूक मावत नाहीत. शेवटचे अंक बदलू शकतात. जुन्या पॅकेजात ‘यूज-नंबर’ हा सरळ एका ओळीचा पर्याय होता. नव्यात तसा तयार पर्याय नाही. त्यासाठी स्वतःचे वाचक-फंक्शन लिहून ते ‘विथ-अनमार्शलर्स’ या पर्यायातून द्यावे लागते. दस्तऐवजात त्याचे उदाहरण आहे आणि ते नीट चालते, परंतु इतक्या नेहमीच्या गरजेसाठी एवढी यातायात का करावी लागावी, हे मला समजले नाही. खाते क्रमांक मुळात आकडा म्हणून पाठवूच नये, हे तर खरेच, कारण शून्याने सुरू होणारा आकडा जेसॉनच्या व्याकरणात बसतच नाही. पण पाठवणारे पाठवतात.

प्रवाहातून वाचताना शेवटी उरलेला मजकूर हीदेखील जुनी डोकेदुखी होती. जुन्या ‘डिकोडर’ला एकदा वाचायला सांगितले की तो पहिली वस्तू वाचून थांबतो आणि मागे काय उरले, ते पाहत नाही. इंटरनेट तुटून पुन्हा आल्यावर काट्यावरच्या संगणकाने एकाच फाइलला दुसरी नोंद चिकटवली, तर दुसरी गाडी हिशेबातून गायब होते. नव्या पॅकेजचे ‘अनमार्शल-रीड’ शेवटपर्यंत वाचते आणि जास्तीचा मजकूर सापडल्यास त्रुटी देते. त्यासाठी काहीही मागावे लागत नाही.

त्रुटींचे संदेश हा या पॅकेजमधला मला सर्वांत आवडलेला भाग आहे. चूक कुठे झाली, याचा बाइटचा ठिकाणा तर मिळतोच, शिवाय नोंदीच्या आतला पत्ता ‘/पट्ट्या/१४/वजन’ अशा रूपात मिळतो. मोजणी शून्यापासून असल्यामुळे ही पंधरावी पट्टी असते, एवढे सांगून ठेवले की आडत दुकानातला मुलगासुद्धा ती पट्टी शोधून काढतो. पूर्वी अशा वेळी संपूर्ण फाइल मागवून डोळ्यांनी चाळावी लागत असे. मात्र बांधणीच्या (बिल्डच्या) वेळी हे प्रायोगिक पॅकेज चालू केल्यावर जुने पॅकेजही आतून नव्या यंत्रणेवर चालू लागते. त्याचे वाचन-लेखनाचे वर्तन तेच राहते, पण त्रुटींचे शब्द बदलू शकतात. चाचण्यांमध्ये त्रुटीचा मजकूर शब्दशः ताडून पाहणाऱ्यांच्या चाचण्या तेथे कोसळतील. तशा चाचण्या लिहूच नयेत.

वेगाबद्दल गोच्या चमूने वाचनात काही प्रसंगी दहापटीपर्यंत सुधारणा झाल्याचे म्हटले आहे आणि लेखनात वेग साधारण जुन्याइतकाच असल्याचे सांगितले आहे. आमच्या कामात पार्सर कधीच अडथळा नव्हता, इंटरनेटच अडथळा होता, म्हणून त्यावर मी वेळ घालवला नाही. लिहिण्याच्या बाजूला एक बदल मात्र लगेच जाणवतो: कधीच न भरलेली (गोमध्ये ‘निल’) यादी जुने पॅकेज ‘नल’ म्हणून लिहीत असे, नवे रिकामा चौकोनी कंस लिहिते. पोळ्याला मोंढा बंद असला की त्या दिवशीच्या आवकेची यादी रिकामी जाते आणि ‘नल’ पाहून आमचे मोबाइल ॲप गोंधळून बंद पडत असे. त्यासाठी ॲपमध्ये घातलेले ठिगळ आता काढता येईल. ज्यांना जुनेच रूप हवे, त्यांच्यासाठी तसा पर्याय ठेवलेला आहे.

ज्या दोन गोष्टी हव्या होत्या आणि मिळाल्या नाहीत, त्यांचाही उल्लेख करतो. एकात एक वस्तूंच्या खोलीची मर्यादा १०,००० इतकी आहे आणि ती कमी करण्याचा पर्याय १.२५मध्ये नाही, मायक्रोसॉफ्टच्या डॉट-नेट या प्रणालीच्या अंगभूत जेसॉन वाचकात ही मर्यादा मुळातच ६४ आहे आणि ती बदलताही येते. आमच्या पट्टीची खोली चार-पाच पातळ्यांपलीकडे कधीच जात नाही, तेव्हा दहा हजार पातळ्यांची नोंद आली तर ती खोडसाळपणाचीच असणार. दुसरी उणीव म्हणजे एखादे नाव आलेच पाहिजे, असे सांगण्याची सोय नाही. ‘नेट’ हे नाव नोंदीत नसेलच, तर कोणताही पर्याय ते पकडत नाही. त्यासाठी क्षेत्र पॉइंटर म्हणून, म्हणजे मूल्य आलेच नाही हे ओळखता येईल अशा रूपात, ठेवून वाचनानंतर स्वतः तपासावे लागते, आणि शून्य वजनाचा प्रश्न त्याशिवाय पूर्णपणे सुटत नाही.

१.२५ या आवृत्तीत पॅकेज प्रायोगिक आहे, म्हणजे गोच्या सुसंगततेच्या हमीत ते येत नाही आणि पुढच्या आवृत्तीत नावे किंवा वर्तन बदलू शकते. ते वापरण्यासाठी बांधणीच्या वेळी ‘गो-एक्सपेरिमेंट’ या चलात ‘जेसॉन-व्ही-टू’ असे लिहावे लागते. ते विसरले, तर पॅकेज सापडतच नाही आणि बांधणी तेथेच थांबते, जे एका अर्थाने बरेच आहे. पैशांचे व्यवहार असलेल्या प्रणालीत प्रायोगिक वस्तू आणावी की नाही, यावर आमच्याकडे मतभेद झाले. मी शेवटी असा निर्णय दिला की पट्टी छापणारा मुख्य सर्व्हर सध्या जुन्याच पॅकेजवर राहील. नोंदी आत घेणारी पहिली पायरी मात्र वेगळा छोटा कार्यक्रम म्हणून नव्या पॅकेजवर चालेल, म्हणजे दुबार उचल, तुटकी नावे आणि चिकटलेल्या नोंदी दारातच अडतील आणि पॅकेज बदलले तरी दुरुस्ती एवढ्याच भागापुरती राहील. सहकाऱ्याने त्याप्रमाणे बदल दोन भागांत तोडून पुन्हा पाठवला, वजनाचे क्षेत्र पॉइंटर केले आणि कॅपिटल अक्षराने सुरू होणाऱ्या ‘नेट’ची एक नोंद चाचणीत घातली. पहिला भाग मंजूर झाला आहे. दुसऱ्यात खाते क्रमांकांसाठीचे वाचक-फंक्शन अजून लिहायचे बाकी आहे.